बारीक ठिपक्यांची अंडी

पदवी घेऊन सतरा वर्षे झाल्यावर मी सोलापुरात आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात रुजू झाले. विभागप्रमुख म्हेत्रे सर त्याच वेळी वैरागहून एसटीने आले, हातात भुशात ठेवलेल्या अंड्यांची पाटी.

"बाई, आधी ही धरा. नमस्कार मग करू की!"

सरांचा विषय ओठांवर पुरळ उठवणारा नागिणीच्या कुळातला विषाणू. तो पेशीत घडतो आणि पेशीच्याच पडद्याचे आवरण घेऊन बाहेर पडतो. त्या आवरणात विषाणूची स्वतःची प्रथिने असतात. सर वर्गात विचारीत, "ही प्रथिनं अभ्र्यावरची नक्षी, का उशीला अभ्रा चढवणारे हात?" त्यांचा कौल हातांना होता. पुरावा नव्हता.

पुरळातले पाणी आम्ही फलित अंड्यातील पडद्यावर सोडत असू; तिथे विषाणूचे पांढरे ठिपके उठत. एका रुग्णाच्या नमुन्याचे ठिपके फारच बारीक आले. सर काही न बोलता ताजी अंडी आणायला वैरागला गेले. त्यांच्या मागे मी ती बारीक ठिपक्यांची अंडी उकळून पुरून टाकली. वाढ नीट नसेल तर अंडी त्याच दिवशी नष्ट करायची, हा नियम मीच घातला होता. विचारायला थांबले नाही.

परत आल्यावर सरांनी वही पाहिली.

"समदी?"

"सगळी. नियम आहे."

"व्हय, नियम हाय खरा." मग खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "लई शिस्त बाई तुमची. त्या विषाणूचं आवरणातलं एखादं प्रथिन बिघडलेलं असावं. आत घडतोय, पण बाहेर पडता येत नाही. तेवढंच बघायचं होतं."

मूळ नमुना संपला होता. रुग्ण बरा होऊन गाव सोडून गेला होता. तसे ठिपके पुन्हा आले नाहीत. वर्षअखेरच्या बैठकीत प्राचार्यांनी काम अडल्याचे कारण विचारले, तेव्हा सर म्हणाले, "माझी हयगय झाली." मी शेजारीच बसले होते आणि गप्प राहिले. काम बंद झाले. सरांचा प्रश्न तसाच राहिला.

विद्यार्थ्यांना मी चुका कबूल करायला सांगत आले. स्वतःला मात्र सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरव अंकापर्यंत वेळ लागला. हयगय सरांची नव्हती, घाई माझी होती. सर्वांनी हे जाणावे.

सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या दिवशी ते मला रागावले नाहीत. आता तरी रागवावे. ऐकायला मी घरी येणार आहे.