तुळशीपाशी पालथी करटी

प्रा. नलिनीबाई शेटकर यांची आणि माझी ओळख झाली ती डिचोलीच्या बसस्टँडवर. मी महाविद्यालयात नुकतीच समाजशास्त्र शिकवू लागले होते आणि बाईंना खाणपट्ट्यातल्या गावांत बायकांशी बोलण्यासाठी एक सहकारी हवी होती. त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत उंडे पाव नि केळी. हे कशाला, असे मी विचारले. “कोणाच्या घरी चहा घ्यायचा नाही,” बाई म्हणाल्या, “एकदा आपल्यासाठी चूल पेटवली की ती बाई आपल्याला नाही कशी म्हणणार?” मला ते तऱ्हेवाईक वाटले. आज बाई पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत आणि ते मला अजूनही थोडे तऱ्हेवाईकच वाटते. फक्त त्यामागचे कारण आता पटले आहे.

अभ्यासाचा विषय साधा होता: खाणीशेजारच्या घरांतले पाणी आणि ते भरणाऱ्या बायकांचा दिवस. पहिली गटचर्चा आम्ही देवळाच्या मंडपात ठेवली, कारण सगळ्यांना बसायला तीच जागा. बायका नटूनथटून आल्या, गावचे मानकरी असलेले गावकार खांबाला टेकून बसले आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आले: “सगळां बरां आसा.” पाणी बरे, धूळ नाही, खोकला नाही. मी खुशीत होते, चर्चा कशी छान झाली म्हणून. बाई मात्र मान वर करून मंडपाचे नवे छप्पर बघत होत्या. ते खाणमालकाने घालून दिलेले होते. “देवासमोर, गावकारांसमोर आणि या छपराखाली कोण रडगाणे गाईल?” परतताना त्या म्हणाल्या, “चूक त्यांची नाही, जागा आपण निवडली.” त्या दिवसाची सगळी उत्तरे त्यांनी बाजूला ठेवली. पुढच्या बैठका ज्याच्या त्याच्या अंगणात झाल्या.

बाईंची खरी पद्धत तिथे आकाराला आली. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे म्हणजे अपमान. त्यामुळे विचाराल त्याला होकार मिळतो आणि त्या होकाराला काडीची किंमत नसते. बाई अंगणात उभ्यानेच सगळे समजावून सांगत आणि होकार न घेताच निघत. जाताना म्हणत, “आठ दिवसांनी येईन. नको असेल तर तुळशीपाशी नारळाची करटी पालथी घालून ठेवा. मी हाकही न मारता मागे फिरेन, आणि रागावणार नाही.” अभ्यासात आल्यानंतरही कोणत्याही दिवशी करटी पालथी घालायची मोकळीक होती. विद्यापीठातल्या मंडळींनी याची यथेच्छ थट्टा केली. करटीवाल्या बाई हे नाव तेव्हा पडले ते आजतागायत आहे, आणि बाईंना ते मनापासून आवडते.

या करटीची किंमत बाईंना एकदा पुरेपूर मोजावी लागली. शेवंती नावाची एक बाई होती. नवरा सिंधुदुर्गातून आलेला, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. घराची विहीर खाणीच्या बांधाला अगदी लागून. शेवंती एकटी मोकळेपणी बोलली. “बावचा पाणी तांबडा येता, बाई. वैशाखात ताही नाय. घोव खाणीचो माल व्हावता नि मी खाणीपायी पाणी व्हावतंय.” अहवालातले पाण्याचे सबंध प्रकरण तिच्या बोलण्यावर उभे राहिले. तिचे नाव अर्थातच कुठे घातले नव्हते.

अनुदान देणाऱ्या संस्थेला अहवाल पाठवण्याआधी तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचून दाखवायचा, हा बाईंचा दुसरा नियम. त्याप्रमाणे अंगणात वाचन झाले. शेवंती खाली मान घालून ऐकत राहिली. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिच्या तुळशीपाशी करटी पालथी होती.

बाई दारातूनच मागे फिरल्या. मी रस्त्यात त्यांच्याशी भांडले. अहवाल द्यायची मुदत संपत आली होती. “बाई, तिचे नाव कुठे आहे त्यात?” “गावात नाव लागत नाही गो,” बाई म्हणाल्या, “विहीर सांगितली की माणूस कळतो. उद्या तिच्या घोवाला कामावरून काढला तर तुझा नि माझा पगार चालूच राहणार.” त्यांनी सबंध प्रकरण काढून टाकले. अहवाल अपुरा ठरून परत आला, पुढचे काम दुसऱ्यांकडे गेले आणि बाईंची बढती लांबली ती लांबलीच. त्याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रार मी ऐकलेली नाही. माझ्या तोंडून मात्र त्यांनी पुष्कळ ऐकली आहे.

कोणी म्हणेल की हा संशोधनातला काटेकोरपणा झाला. पण बाईंना कामापुरते एक आणि घरी दुसरे असे जमत नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा बाई पेडण्याहून दर शनिवारी बसने येत. पहिल्या दिवशी त्या खाटेपाशी उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, “वहिनी, बसू का इथे?” कित्येक महिने डॉक्टर, नर्स आणि आम्ही मुले आईला उचलत होतो, कुशीवर वळवत होतो, औषध पाजत होतो. तिला कोणी काही विचारल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. आई हसली आणि म्हणाली, “बसा, पण पायांकडे नको.” त्या हसण्यासाठी मी बाईंची जन्माची ऋणी आहे.

पुढे खाणी बंद पडल्या. बाई निवृत्त होऊन मांद्र्याला राहायला गेल्या. शेजारच्या दोन्ही घरांची गेस्टहाऊसे झाली, बाईंच्या अंगणात तुळस राहिली. एक दिवस शेवंती नवऱ्याला घेऊन तिथे दत्त म्हणून उभी राहिली. मी योगायोगाने तिथेच होते. “बाई, आता लिवा,” ती म्हणाली. “खाण गेली, नोकरी गेली, आता कोणाक भियाचा? नावसुद्दां घाला माजा.” बाईंना आनंद झाला असणार, पण त्यांनी तो दाखवला नाही. “आठ दिवस विचार कर,” एवढेच म्हणाल्या. शेवंतीचा नवरा कपाळावर हात मारून म्हणाला, “इतकी वर्सां इचारच केलो मगे तिणां!” आठ दिवसांनी ती पुन्हा आली. ते प्रकरण मग शेवंतीच्या नावासकट छापून आले.

या गौरवग्रंथासाठी समितीची मंडळी बाईंकडे गेली तेव्हाही आठ दिवसांनी या असेच उत्तर मिळाले. आठ दिवसांनी करटी पालथी! मंडळी गोंधळली, मी कपाळाला हात लावला. शेवटी शाल, श्रीफळ आणि व्यासपीठ वगळल्यावर करटी सरळ झाली. हा लेखही मी बाईंना अंगणात वाचून दाखवला. त्यांनी माझी चार विशेषणे काढायला लावली आणि विचारले, “शेवंतीला विचारलेस?”

म्हणून मी गेले, उभ्यानेच सांगितले आणि आठ दिवसांनी पुन्हा गेले. तिच्या तुळशीपाशी करटी होती, सरळ ठेवलेली, पाण्याने काठोकाठ भरलेली. “चिमण्यांक ठेवतंय,” शेवंती म्हणाली. “बावचाच असा. आता निवळ येता.” मी त्या पाण्याकडे बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या अंगणात आम्हाला अशीच बोलणी खायला मिळोत. जन्मभर त्यांनी कोणाचे एक वाक्यही विचारल्याशिवाय घेतले नाही. या एका मागण्यासाठी मात्र मी त्यांची संमती घेतलेली नाही, आणि त्यांनी करटी पालथी घातली तरी मी मागे फिरणार नाही.