आधी आई दाखवा

मंडळी, आज सकाळी मी ऑनलाइन लॅब्राडोरच्या पिल्लासाठी ॲडव्हान्स पाठवणारच होते. विकणाऱ्याने अकरा फोटो, लसीचं कार्ड आणि वंशावळसुद्धा पाठवली होती. एवढी माहिती माझ्या लग्नात नवऱ्याकडच्यांनीही दिली नव्हती.

शेजारी सासरे चहा पीत होते. त्यांचा जन्म गाई घेण्या-विकण्यात गेला.

"सूनबाई, त्याची आय बघितली का? आय बघितल्याबिगर आमी वासरू घेत न्हाई."

मी विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर पिल्लाची आई दाखवायला सांगितलं. "मॅडम, ती बाहेरगावी गेलीय," असं म्हणून त्याने मला ब्लॉक केलं.

कोल्हारला सासऱ्यांच्या एका मित्राची कुत्री दोन महिन्यांपूर्वी व्यायली होती. दुपारी आम्ही तिथं गेलो. पिल्लं आईच्या अंगावर उड्या मारत होती. आई उठली, सासऱ्यांचे हात हुंगले, माझी चप्पल दोनदा तपासली आणि पुन्हा निवांत आडवी झाली.

"चला," सासरे म्हणाले, "तिनं बी आपल्याला बघितलं."

आता तिथून आणलेलं पिल्लू त्यांच्या मांडीवर घोरतंय. वंशावळ नाही, पण आईची परवानगी आहे.

तुमच्याकडे पिल्लू आलं तेव्हा कोणी कोणाला तपासलं होतं?