नाना मंगळवारी गावात नाहीत

"नाना मंगळवारी नाहीत? मग गुरुवारी करू ना!" रोहित फोनवर म्हणाला.

नसरापूरच्या चौकात आमची गाडी अडकली होती. पुढे एसटी वळत होती, मागून रिक्षावाले हॉर्न बडवत होते, आणि मला खाली उतरून कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं.

"गुरुवारी नाही. मंगळवारीच," मी म्हणाले. "ते नाहीत म्हणूनच मंगळवारी."

"मॅडम, ज्यांच्या बांधावरून पाईप जाणार तेच नसताना खोदायचं? हे इन्क्लुझिव्ह कसं?"

रोहित आमचा प्रोग्रॅम हेड. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, हुशार, आणि वाईट माणूस अजिबात नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मी कॉन्फ्लिक्ट ॲडव्हायझर आहे. लग्नाकार्यात कुणी विचारतं, म्हणजे वकील का हो? नाही. परदेशी मदतीतून कुठे पाणी, रस्ता, शाळा होते तेव्हा त्यावरून गावात भांडण पेटू नये, आधीचं असेल तर ते वाढू नये, एवढं बघायचं. ऑफिसच्या भाषेत याला 'डू नो हार्म' म्हणतात. साध्या मराठीत, मदत करायला जाऊन वाट लावू नका. बाहेरच्या देशांत ही नोकरी केली तेव्हा दोन्ही बाजूंकडे बंदुका असायच्या. मी मूळची भोरची. घराजवळच्या वेल्ह्यात काम मिळालं तेव्हा वाटलं, आता जरा सुखाचे दिवस येतील.

गाव डोंगरातलं. वर सरकारी जमिनीत एक झरा आहे, तो उन्हाळ्यातही आटत नाही. खाली उतारावर बौद्ध वस्ती. वस्तीच्या बायका त्याहून खालच्या विहिरीवरून पाणी आणायच्या, आणि ती वाट अशी की रिकाम्या हातानेसुद्धा जपून उतरावं. झऱ्यापासून वस्तीपर्यंत पाईप टाकला की पाणी उताराने आपोआप येणार होतं. मोटार नको, वीज नको. पाईप येऊन शाळेच्या आवारात पडलेही होते.

फक्त मधे नानांच्या शेताचा बांध होता.

काही वर्षांपूर्वी ग्रामसभेत वस्तीतल्या सुशीलाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, झरा कुणाच्या बापाचा नाही. खरंच होतं ते. पण नाना चिडले आणि सगळ्या गावासमोर बोलून बसले, माझ्या बांधावरून पाईप जाणार नाही. तेव्हापासून काम ठप्प. कायदा वस्तीच्या बाजूने होता. पण कायद्याने पाणी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सुशीलाताईंची सून सासू झाली असती.

मी नानांच्या ओट्यावर बरेच चहा प्यायले. पाण्याचा विषय मी काढायची नाही आणि ते काढायचे नाहीत. पाऊस, भात, लेकीचं सासर, वरव्याला आता कारखान्यांमुळे जमिनीचे भाव कसे वाढलेत, सगळं बोलून झालं. मग एक दिवस, मी चपला घालत असताना, ते अंगणाकडे बघत म्हणाले:

"मंगळवारी आमी हितं न्हाई बरं का, म्याडम. वरव्याला लेकीकडं जातूय. बुधवारी सांजच्याला येतूय."

"बरं, नाना."

"बांधावं आंबा हाय आमचा. त्येला कुनी धक्का लावू ने. वरच्या अंगाला समदा खडक हाय तसा. खालच्या अंगाला माती मऊ हाय."

मी मान डोलावली आणि जवळजवळ पळतच गाडीत जाऊन बसले. आमच्या भागात जन्मलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. गावासमोर नाही म्हटलेला माणूस गावासमोर हो म्हणत नाही. तो परगावी जातो. जाताना कुठे जातोय, कधी परत येणार, हे ऐकवून जातो. नानांनी तर खोदायचं कुठून तेही सांगितलं होतं. परत आल्यावर ते दोन दिवस तोंड फुगवतील, मला न विचारता केलं म्हणतील, आणि पाणी वाहत राहील.

हे सगळं मी रोहितला नसरापूरच्या चौकात समजावलं. मग पुण्याला पोचल्यावर समजावलं. मग ऑफिसात बोर्डवर चित्र काढून समजावलं.

"पण कन्सेंट कुठे आहे?" तो म्हणाला. कन्सेंट म्हणजे संमती. ती त्याला सहीसकट हवी होती.

"गावात नसणं, हीच संमती."

"मॅडम, हे मी डोनरला कसं दाखवू? रिकाम्या ओट्याचा फोटो काढू?"

"काढ!" मी म्हणाले. मी खरंच गंभीरपणे म्हणाले होते.

झालं भलतंच. परदेशातून डोनरचे पाहुणे येणारच होते, ते गुरुवारी पानशेतला मुक्कामी असणार होते. मंगळवारची खोदाई थांबवा, असा रोहितचा निरोप थेट वस्तीत गेला, मला न सांगता. नाना बुधवारी परत आले तर बांध होता तसाच. वर ऑफिसची दोन माणसं दारात, गुरुवारी तुम्हीच मुख्य पाहुणे, म्हणून.

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा शाळेसमोर मांडव पडला होता. 'शांतता आणि सौहार्द संवाद' असा बॅनर. पाहुण्यांना फेटे बांधलेले. नाना पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, बळी द्यायला आणल्यासारखे स्टेजवर बसलेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांना वाटलं असणार, हिनेच केलं हे.

"रोहित, माईक माझ्याकडे दे. पावसापाण्याचं बोलते आणि चहा देऊन मोकळं करते सगळ्यांना," मी विनवलं.

"रिलॅक्स, मॅडम," तो म्हणाला आणि स्वतःच माईकपाशी गेला.

"आज नाना मोठ्या मनाने जुनं भांडण मिटवत आहेत," तो म्हणाला, "आणि वस्तीला पाणी देत आहेत!"

एका वाक्यात दोन्ही बाजूंना दुखावणारी माणसं मी बाहेरही पाहिली होती, पण त्यांना सराव तरी होता.

बायकांमधून सुशीलाताई उठल्या. "देत्यात? झरा सरकारी हाय. आमाला दान नको कुनाचं."

मग नाना उठले. माईक त्यांनी घेतलाच नाही, गरजही नव्हती. "भांडान? कुनाचं भांडान? म्या कुनाशी भांडत न्हाई. पर गावात बोललोय त्ये बोललोय. पाईप जायाचा न्हाई." त्यांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि चालायला लागले. पाहुण्यांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर रोहित मोबाईलमधले कार्यक्रमाचे फोटो चाळत होता. मग म्हणाला, "पण मंगळवारपर्यंत ते पॉझिटिव्ह होते ना?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

रिपोर्टात 'संवादाची पहिली फेरी यशस्वी' असं गेलं. प्रोजेक्टची उरलेली मदत दुसऱ्या तालुक्यात वळली. पाईप शाळेच्या आवारात उन्हात पडून राहिले. आणि मे महिन्यात खालच्या विहिरीच्या वाटेवर सुशीलाताई भरल्या हंड्यासकट घसरल्या. उजवं मनगट मोडलं. नीट बसवलं गेलं नाही, वाकडंच सांधलं.

पाईप पडला असता तर त्या तेव्हा त्या वाटेवर नसत्या. हे गणित करायला ॲडव्हायझर लागत नाही.

पाऊस सरल्यावर मी त्यांना बघायला गेले, स्वतःच्या खर्चाने, एसटीने. गावाच्या थांब्यावर उतरले तर पारावर एसटीची वाट बघत नाना. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी जागा सरकवून दिली.

मी बसले.

"हात कसा हाय?" त्यांनी विचारलं. कुणाचा, ते म्हणाले नाहीत.

"वाकडा बसलाय. हंडा उचलवत नाही आता."

नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "सोमवारी म्या न्हाई हितं. डोळं दावायला भोरला जायाचंय. लई गर्दी असती तितं. सांज व्हईल."

"आंब्याला धक्का लागणार नाही, नाना," मी म्हणाले.

"म्या कुटं आंब्याचं काय म्हनलो?" ते चिडून म्हणाले. मग एसटी आली नसतानाही उठून गेले.

मी सरळ वस्तीत गेले, सुशीलाताईंना दिवस सांगितला आणि पुण्याला परतले. रोहितला कळवलं नाही. कुणालाच कळवलं नाही. सोमवारी मी घरात बसून दिवसभर कपाटं आवरली. गावात जायची फार इच्छा होत होती. पण मी गेले असते तर कुणीतरी मोबाईल काढला असता, आणि फोटोत मी असते म्हणजे ऑफिस असतं.

वस्तीतल्या लोकांनी शाळेच्या आवारातले पाईप आणले आणि खालच्या अंगाने खोदलं. दिवस मावळायच्या आत पाईप मातीखाली गेला. नाना परत आले, बांधावरून फिरले, आणि दोन दिवस सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बडबडत होते, असं मला कळलं. पाईपला मात्र त्यांनी हात लावला नाही.

रोहितला पुढे कुठूनतरी समजलंच. त्याचा फोन आला. "ग्रेट न्यूज, मॅडम! करार कुणी घडवला? डोनरला नाव हवंय."

"नाना डोळे तपासायला गेले होते," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी फोन ठेवला.

नंतर मी नळ बघायला गेले. सुशीलाताईंनी डाव्या हाताने तोटी फिरवली, मला तांब्याभर पाणी दिलं आणि पायरीवर बसल्या. मी म्हणाले, चला, झालं एकदाचं. त्या हसल्या नाहीत.

"झालं, ताई. त्येंचा मान ऱ्हायला, आमाला पानी आलं. पर दर बारीला त्येंचाच मान का सांबाळायचा? सरकारी झऱ्याचं पानी, आन् आमी चोरावानी, मानूस घरात न्हाई बघून खांदायचं व्हय?"

 मी पाणी प्यायले.

आता नव्या मुलांचं ट्रेनिंग मी घेते. त्यांना सांगते, गावातला माणूस कुठे जाणार ते न विचारता सांगायला लागला तर कार्यक्रमाची तारीख बदलू नका, कुदळी काढा. मुलं ते लगेच लिहून घेतात. मग मी सुशीलाताईंचा प्रश्न सांगते, आणि त्या वाकड्या मनगटाचंही सांगते. तेव्हा कुणी काही लिहीत नाही.