चित्रात नसलेला आवळा

मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर राहणारी एक सासू आणि तिची सून, या दोघींवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी, सकाळी, नसरापुरात. सरकारनं नाही केला, व्यापाऱ्यानंही नाही. मी केला, माझ्या पत्रकानं.

सून बाळंतीण. चूळ भरली की अंगणातल्या दगडावर हिरड्यांच्या रक्ताचा लाल ओघळ उतरायचा. शेरडं-मेंढरं राखणारं घर. ताटात भाकरी, पिठलं, आणि दोनदा उकडून पाणी पिळून टाकलेला पाला. पावसाळ्यात मी आरोग्य चळवळीच्या कामानं तिथं गेले आणि छातीठोकपणे सांगितलं, "क जीवनसत्त्व कमी पडतंय." दारावर पत्रक डकवलं. त्यावर मोठं रसरशीत संत्रं. खालचा मजकूर माझाच.

छापण्याआधी छपाईवाला म्हणाला होता, "आवळ्याचा फोटो उठून दिसत नाही, मॅडम." मी म्हणाले, "मग संत्रंच टाका." विषय संपला.

वाडीच्या मागं आवळ्याचं झाड आहे. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत. म्हणून लग्नाच्या दिवशी झाड गच्च भरलेलं असतं. एरवी ते आवळे मिठाच्या पाण्यात घालून घर कितीतरी दिवस खायचं. त्या वर्षी सासूबाईंनी सगळे झोडून उतरवले, दोन पाट्या भरल्या, वडापच्या जीपनं नसरापूरला नेऊन विकल्या आणि संत्री आणली. चार.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर पोचले. त्यांनी हौसेनं एक सोललं.

"खा म्याडम. तुमचंच फळ हाय."

"आधी सुनेला द्या."

"तिला हाईत की. पावन्याला न्हाई म्हनू न्हाई."

मी अर्धं खाल्लं. मग सहज विचारलं, "इतक्या वर संत्री कुठनं आणली?"

त्या सांगत गेल्या आणि उरलेलं अर्धं मी खाली ठेवलं. एका आवळ्यात अशा कितीतरी संत्र्यांचं बळ असतं, हे मला पाठ होतं. ते मी तेव्हा सांगितलं, नको तेव्हा.

सून दारातून हसली. "आत्याबाई, औषीद इकून औषीदच आनलंसा व्हय!"

"गप गं," सासूबाई म्हणाल्या. माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. दारावरच्या कागदावर बोट ठेवून मला एवढंच म्हणाल्या, "पोरी, ह्यात आवळा न्हाई ना गं."

झाडावर तेव्हा एकही आवळा उरला नव्हता. पेरू लावायचा, पाला कमी पाण्यात पटकन शिजवून त्या पाण्यासकट खायचा, गोळ्या आणायच्या, हे सगळं मी सांगितलं. उशिरा. पौषात सुनेचा पुढचा दात पडला. आवळ्यानं तो वाचलाच असता, असं मी छापून देणार नाही. छापताना एकदा खोटेपणा झालाय. पण ती आता माझ्याशी पदराआडून बोलते. तेवीस-चोवीस वर्षांची पोर.

सकाळी दात घासताना मी फेस निरखून बघते. पांढराच असतो. तरी दोनदा बघते. पत्रकासाठी 'फळ' हा शब्द लिहिला की हात थांबतो. कुणाच्या दारातलं फळ? कुणी खाल्लेलं? बाजारात संत्र्यांची रास दिसली की ते बोट दिसतं, कागदावर टेकलेलं, काळं, भेगाळलेलं, शांत.

आम्ही चळवळीतली माणसं डोंगरात जातो ते शिकवायला. डोंगरात काय पिकतं हे विचारायची आम्हाला लाज वाटते, की फुरसत नसते?

भोर-वेल्ह्यात ती पत्रकं मी शेकड्यानं वाटलीत. सगळी मला एकटीला सापडणार नाहीत. तुमच्या शाळेच्या, दवाखान्याच्या, दुकानाच्या भिंतीवर ते संत्रं दिसलं तर आजच फाडा. आणि त्या जागी, कोळशानं का होईना, तुमच्या बांधावरच्या झाडाचं नाव लिहा.