मोठ्या टेबलावरची जागा

टर्कीच्या पोटात हात घालायचा म्हटलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. तो गार, गिळगिळीत पक्षी सिंकमध्ये तंगड्या वर करून पडलेला असतो आणि त्याच्या पोटात कागदी पिशवी कोंबलेली असते. त्यात काळीज, कलेजी आणि सोललेली मान. शी! ती मान नुसती दिसली की मला दोन दिवस जेवण जात नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हे काम मी कधी केलं नाही. ते माझी नणंद करायची. खरं सांगायचं तर सगळंच माझी नणंद करायची.

लव्हॉन हुकस्ट्रा तिचं नाव. साठी उलटली, लग्न केलं नाही. गावाबाहेर मक्याची मोठी कोठारं आहेत, तिथे वजनकाट्याच्या खोलीत तिनं उभी हयात नोकरी केली. ट्रकवाले काचेपलीकडून तिच्याशी गप्पा मारायचे. त्यातला आर्लन नावाचा एकजण जरा जास्तच मारायचा. चांगला माणूस होता हो. त्यानं लग्नाचं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "यंदाचं पीक निघू दे, मग बघू." पिकं निघत राहिली. शेवटी आर्लन डकोटात गेला आणि तिकडेच संसाराला लागला. मग सासूबाईंचे पाय गेले, पुढे नजर गेली, आणि लव्हॉन त्या घरातून हललीच नाही. तिला भाऊ दोन, थोरला मर्ल आणि धाकटा माझा गॉर्डन. दोघांचा आईवर भारी जीव. म्हणजे फोनवरून.

थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाचं, जेवण सासूबाईंच्या घरीच व्हायचं. बाहेरच्या खोलीत ओकचं मोठं टेबल, त्याला बारा खुर्च्या. स्वयंपाकघराच्या दाराशी पत्ते खेळायचं एक घडीचं टेबल मांडायचं, ते पोरांचं. तुमचं लग्न झालं की तुम्ही पोरांच्या टेबलावरून मोठ्या टेबलावर. नाहीतर मग मोठ्या टेबलावरचं कुणीतरी वर जायची वाट बघायची. नियम सासूबाईंचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड अंडं उकडता येत नव्हतं, तरी पहिल्याच वर्षी मला मोठ्या टेबलावर बसवलं. माझी लेक परवा परवा लग्न झाल्यावर तिथे आली. आणि जिनं सकाळपासून राबून तो स्वयंपाक केला ती लव्हॉन घडीच्या खुर्चीत, गुडघे पोटाशी घेऊन, जेवताना नाकं पुसणाऱ्या पोरांच्या घोळक्यात! केस पांढरे झाले तरी तिथेच! आणि ह्यात काही चुकतंय असं ह्या घरात एकालाही वाटत नव्हतं.

मर्लचं बघा. घटस्फोट झाल्यापासून तो दरवर्षी नवी मैत्रीण घेऊन येतो. तिला मोठ्या टेबलावर खुर्ची मिळते, कुणाला तरी उठवून का होईना. पुढच्या वर्षी ती बाई नसते आणि तिचं नावही कुणाला आठवत नाही. पण तिचं बूड त्या खुर्चीला लागून गेलेलं असतं.

ह्या मार्चमध्ये सासूबाई गेल्या. टेबलाच्या टोकाची त्यांची खुर्ची रिकामी झाली.

ऑक्टोबरातच मर्लचा फोन आला. "आई गेली म्हणून काय झालं? जेवण तिथेच करायचं. लव्हॉनला तेवढाच विरंगुळा." विरंगुळा म्हणे! वीस पौंडांचा पक्षी, सफरचंदा-भोपळ्याचे चार तऱ्हेचे गोड पाय, रताळी, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरी, सगळं एकटीनं रांधायचं आणि ह्याच्या लेखी तो विरंगुळा. बाकीचे काय करतात? चुलत जाऊ डब्यातल्या सूपमध्ये हिरव्या शेंगा कालवून आणते. मर्लीनमावशी हिरव्या जेलीत गाजर किसून घालते आणि ती थरथरणारी परात सगळ्यांच्या नाकासमोर नाचवते. आणि मर्ल आणतो बर्फाची पिशवी. झालं त्याचं योगदान.

सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी मी मदतीला गेले. मी टर्कीत भरायच्या स्टफिंगसाठी शिळा पाव तोडत बसले होते आणि लव्हॉनचा हात कोपरापर्यंत टर्कीत होता.

"जनेल, तोंड फिरव तिकडे. मान काढतेय."

मी भिंतीकडे बघत बसले. मान कचऱ्यात नाही, पातेल्यात पडल्याचा आवाज आला. त्याचीच ती ग्रेव्ही करायची, आणि चाटूनपुसून खाणाऱ्यांपैकी मीही एक. बघ आता, मी मनाशी म्हटलं.

"यंदा मी तिकडे बसावं म्हणते," लव्हॉन म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून पक्ष्याच्या कातड्याखाली लोणी चोळत होती.

"कुठे तिकडे?"

"आईच्या खुर्चीत."

"अगं मग बस की! विचारतेस कुणाला?"

"विचारत नाहीये, सांगतेय. नावाचं कार्डसुद्धा लिहून ठेवलंय." दरवर्षी सगळ्यांच्या ताटांपुढची नावं तीच लिहायची, वळणदार अक्षरात. स्वतःचं कधी लिहिलं नव्हतं. पोरांच्या टेबलावर कार्डं नसतात. जरा वेळानं म्हणाली, "मर्ल काही बोलणार नाही ना?"

"त्याला ताट भरलेलं दिसलं की बाकी काही दिसत नाही. तू बस बिनधास्त."

ती हसली. मग हात धुऊन तिनं मला आतल्या खोलीत नेऊन एक स्वेटर दाखवला, गडद वाइनच्या रंगाचा, मोत्यांसारखी बटणं असलेला. "उद्यासाठी घेतलाय. फार भडक नाही ना वाटत?" मी म्हटलं, "झकास आहे." एवढ्याशा गोष्टीसाठी ह्या बाईला स्वेटर घ्यावासा वाटला, ह्याचंच मला रडू येत होतं आणि चीडही.

गुरुवारी दुपारी सगळी वरात येऊन थडकली. कोट पलंगावर, बूट दारात, टीव्हीवर फुटबॉल. एकानं तरी विचारावं, "लव्हॉन, काही हवंय का?" नाव नको. पुरुष सोफ्यात रुतले, बायका त्या गोड पायांच्या ताटल्यांभोवती घोटाळत, "ह्या वर्षी मी अगदी कमी खाणारेय बाई" असं म्हणत कडेचे तुकडे मोडून तोंडात टाकत होत्या.

मर्ल आला तो बर्फाची पिशवी आणि शेरी नावाची बाई घेऊन. बाई बरी होती, उगाच खोटं बोलू नये. तिनं निदान हात मिळवला. मर्ल मात्र सरळ स्वयंपाकघरात घुसला. टर्की नुकतीच बाहेर काढून झाकून ठेवली होती. त्यानं झाकण उचललं, छातीवरचं खरपूस कातडं बोटांनी ओरबाडून काढलं, तोंडात कोंबलं, पाचही बोटं एकेक करून चोखली आणि बाहेर येऊन कडक इस्त्रीच्या टेबलक्लॉथला पुसली.

"शेरी, तू इथे टोकाला बस. ऐसपैस आहे," तो म्हणाला. मग ताटापुढचं कार्ड उचलून डोळ्यांशी धरलं. "हे काय? लव्हॉननं स्वतःचंच नाव ठेवलंय इथे! चाळीस वर्षं कार्डं लिहितेय, आता लागली चुका करायला."

दोघं-तिघं हसले. मर्लनं खिशातून पेन काढलं, कार्ड उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर 'शेरी' असं लिहिलं आणि ते परत ताटापुढे उभं केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मर्ल, ती चूक नाहीये. ती लव्हॉनची जागा आहे."

"अगं, तिला पोरांमध्येच आवडतं. आणि दाराजवळ बसलं की तिला उठबस करायला बरं पडतं."

मी गॉर्डनकडे बघितलं. माझ्या नवऱ्याला एकाएकी टीव्हीवरच्या खेळात भलताच रस वाटायला लागला होता. "जाऊ दे ना, जनेल," तो पुटपुटला. "सणाचा दिवस आहे." ह्या घराण्यात कुणाचा हक्क गिळायचा असला की नेमका सणाचा दिवस असतो.

तेवढ्यात लव्हॉन टर्की घेऊन आली. ॲप्रन काढलेला, नवा स्वेटर, केस नीट बसवलेले, ओठांवर हलका रंगसुद्धा. टोकाच्या खुर्चीत शेरी बसलेली तिनं पाहिली. कार्डही पाहिलं असणार. जड परात तिनं मर्लपुढे ठेवली, कारण कापायचं काम पुरुषांचं, आणि ती आत गेली. मी मागोमाग गेले, तर ती स्वेटरवरून ॲप्रन बांधत होती.

"अगं, बोल ना काहीतरी!"

"सर बाजूला, ग्रेव्हीत गुठळ्या होतील." तिचे कान लाल झाले होते. तिनं पावांचं तबक ओव्हनमध्ये सरकवलं, कारण पाव अगदी शेवटी तापवायचे असतात, आणि मला बाहेर ढकललं. "जा, आभार मानायला थांबलेत सगळे."

आमच्याकडे जेवणाआधी हात धरून एकेकानं सांगायचं असतं की आपण कशाबद्दल आभारी आहोत. फेरी फक्त मोठ्या टेबलाची. कुणी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल आभार मानले, कुणी नव्या ट्रकबद्दल. मर्लीनमावशीनं जेलीबद्दल मानले नाहीत हेच नशीब. मग मर्लची पाळी आली. त्यानं डोळे मिटले.

"मी ह्याबद्दल आभारी आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "की आपल्या घरात प्रत्येकाला ह्या टेबलावर जागा आहे. आईनं आपल्याला हेच शिकवलं." आणि चक्क डोळे पुसले! त्याच तेलकट बोटांनी!

"प्रत्येकाला नाही," मी म्हटलं.

गॉर्डननं टेबलाखाली माझा पाय दाबला, मी झटकला. "जिनं हे सगळं रांधलं तिला नाही. तिचं कार्ड उलटवून तू दुसरं नाव लिहिलंस."

शेरी गोरीमोरी झाली. "अहो, मला खरंच माहीत नव्हतं," म्हणत ती अर्धवट उठली. मर्लनं तिचं मनगट धरलं.

"बस गं तू. हिला काय, भांडायला निमित्त हवं असतं. थांबा, लव्हॉनलाच विचारू या ना! लव्हॉन! ए लव्हॉन! तुला कुठे बसायचंय सांग बरं ह्यांना?"

लव्हॉन ग्रेव्हीचं भांडं घेऊन दारात उभी होती. सगळ्यांचे चेहरे आधीच हसरे झाले होते, कारण उत्तर प्रत्येकाला पाठ होतं. 'मला काय, मी कुठेही बसेन.'

"आईच्या खुर्चीत," लव्हॉन म्हणाली.

कुणी हललं नाही. तिला वाटलं असावं की ऐकू गेलं नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "मला आईच्या खुर्चीत बसायचंय, मर्ल."

साठ वर्षांत ह्या बाईनं ह्या लोकांकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मर्ल हसला. "बरं बाई, बसशील. पुढच्या वर्षी ती तुझी, ठरलं. आता सगळे बसलेत, अन्न गार होतंय. आमेन." त्यानं सुरी उचलली आणि टर्कीची तंगडी मोडली.

आणि सगळे जेवायला लागले! खरंच लागले हो! चमचे खणखणले, वाडगी फिरली, "बटाटे सरकव गं," "मला तंगडीचं काळं मांस." शेरी अवघडून पुन्हा टेकली. तोंडं हलायला लागली, हनुवट्यांवरून चरबी ओघळायला लागली. इतकी वर्षं मी ह्यांच्याबरोबर जेवले, पण माणसं खाताना एवढी ओंगळ दिसतात हे मला त्या दिवशी कळलं.

मी उठले. "लव्हॉन, तू माझ्या जागेवर बस."

"तुझी जागा नकोय मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं ग्रेव्हीचं भांडं मर्लपुढे न ठेवता स्वतःजवळच ठेवलं. एक रिकामं ताट घेतलं, मर्लच्या हाताखालून छातीचे दोन चांगले जाड तुकडे उचलले, सगळं थोडं थोडं वाढून घेतलं आणि जाऊन पोरांच्या टेबलावर बसली. मी माझं ताट घेऊन तिच्या शेजारी दाटीवाटीनं बसले. तिनं फक्त कोपर आवरून घेतलं.

"लव्हॉन, पाव कुठेत?" मर्लनं भरल्या तोंडानं विचारलं.

"ओव्हनमध्ये."

"झाले असतील ना एवढ्यात?"

"झाले असतील," ती म्हणाली आणि जेवत राहिली.

मर्ल थांबला. दरवर्षी ह्या वाक्यानंतर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो. तो आला नाही. त्यानं खांदे उडवले आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. थोड्या वेळानं मर्लीनमावशी नाक वर करून म्हणाली, "अगं लव्हॉन, काहीतरी करपतंय का?"

"हो."

"लव्हॉन!" मर्ल ओरडला. दारातून धूर यायला लागला होता. छतावरचा धुराचा भोंगा कर्कश ठणाणा करू लागला, पोरांनी कानांवर हात ठेवले, आणि मोठ्या टेबलावरच्या सगळ्या माना लव्हॉनकडे वळल्या. गॉर्डन मला हातवारे करून खुणावत होता, तू तरी जा. मी म्हटलं, "तुझे पाय मोडलेत?"

स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. एवढी धडधाकट माणसं, पोटं टेबलाला टेकवून, हातात काटे धरून, धुराकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत बसली. एकही उठलं नाही.

लव्हॉननं बटाट्यांवर ग्रेव्ही ओतली. टर्कीचा तुकडा तोडला, सावकाश चावला आणि गिळला.

"मांस छान मऊ झालंय," ती समोरच्या पोराला म्हणाली. "अजून घे."