रोलरमागचं धुणं

अर्जदाराचे नाव: सौ. सरस्वती मधुकर धुरी. वय: अंदाजे एकतीस. शिक्षण: चौथी, पैकी तिसरी पूर्ण. मूळ गाव: सातार्डा, म्हणजे सरहद्दीपलीकडे, मात्र अर्जदाराच्या सांगण्यावरून सरहद्द तिच्या माहेरच्या पडवीतून दिसते. व्यवसाय: काही नाही. (पाणी भरणे, रांधणे, धुणे, आणि रोलर चढावर उभा राहिल्यास त्याच्या चाकामागे दगड लावणे ही कामे व्यवसायात मोडत नाहीत.) मातृभाषा: लिहून खोडलेली, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेली. हल्लीचा पत्ता: लोखंडी डबा, दहा फूट बाय सहा, चाके चार, सरकारी रोलरच्या पाठीमागे जोडलेला. डबा चालकासाठी आहे. चालकाच्या कुटुंबाची त्यात तरतूद नाही, सबब अर्जदार त्यात राहत असल्याची नोंद आढळत नाही.

हा अर्ज गोवा राज्य झालं त्या वर्षी, गणपतीची चवथ आटोपल्यावर भरला गेला. भाषेची मारामारी तेव्हा कागदावर मिटली होती आणि तिठ्यावर चालू होती. अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाने विचारलं, "मातृभाषा कोकणी लिहू की मराठी?" तिचा नवरा मधुकर, रोलरचा चालक, म्हणाला, "जेच्यान जागा मिळता ती लिहा." कारकुनाने एकदा हे लिहिलं, एकदा ते लिहिलं, आणि शेवटी आपल्या मनाची शांती महत्त्वाची म्हणून दोन्ही खोडलं.

जागा म्हणजे आमोण्याला, वाड्याच्या टोकाला, बेघरांसाठी काढलेल्या तुकड्यांपैकी एक. सरस्वतीच्या भावाच्या अंगणापेक्षा लहान. पण तिला तीच हवी होती, आणि त्याचं कारण सातार्ड्याला मामाकडे राहून तिसरीत शिकत होतं. लेक प्राजक्ता सहा वर्षांची झाली तेव्हा तिला डब्यातून उतरवून मामाकडे ठेवली, कारण डबा दर महिन्याला गाव बदलायचा आणि शाळा काही डब्यामागून येत नव्हती. आता पोर सुट्टीत आली तरी आईला 'तुमी' म्हणायची. मामीने शिकवलेलं चांगलं वळण म्हणायचं ते. सरस्वतीला ते वळण सोसत नव्हतं.

लग्न होऊन ती डब्यात आली तेव्हा रोलर वाफेचा होता. लोक त्याच्या धुराला नावं ठेवत, पण त्याच्या बॉयलरचं कढत पाणी तिला दिवस मावळताना दोन बादल्या आयतं मिळे, आणि डांबराच्या कपड्यांना कढत पाण्यासारखं औषध नाही. पुढे सरकारने डिझेलचा रोलर दिला. देशाची प्रगती झाली आणि सरस्वतीचं गरम पाणी गेलं. तेव्हापासून ती डांबराच्या डागावर आधी खोबरेल चोळी, मग रॉकेलचा बोळा, मग साबण, मग पुन्हा साबण, कारण आता रॉकेलचा वास काढायचा असे. डिचोलीच्या बाजूला काम लागलं की आणखी एक भर. खनिजाचे ट्रक सुरू झाले की तांबडी माती दोरीवरच्या ओल्या कपड्यांना येऊन मिठी मारायची. पेडण्यात सफेद असलेलं बनियन आमोण्यात विटकरी होई. धुऊन सुकत घालायचं, सुकून तांबडं झालं की पुन्हा धुवायचं. चोपडे गावच्या एका बाईने तिला एकदा विचारलं होतं, "नवरो गेरू खणता काय गो तुझो?"

पाण्याचे मान तर गावोगाव वेगळे. कुठे विहिरीवर भरू देत पण धुऊ देत नसत, कुठे झरीच्या खालच्या अंगाला धुवायला सांगत, कुठे आधी आडनाव विचारत. चौदा वर्षांत ती नव्या विहिरीवर पाय ठेवताना एकच करायची: रिकामी कळशी खाली ठेवून बाजूला उभी राहायची, कोणी बोलेपर्यंत. कधी पाच मिनिटं लागत. चांदेलला एकदा दुपार गेली.

आमोण्यात तिला उभं राहावं लागलं नाही. पावसाळ्यात रस्त्याचं काम थांबलं आणि रोलर तिथेच, सगुण गावकराच्या माडाखाली, जूनपासून उभा राहिला. सगुणची बायको भाग्यलक्ष्मी पहिल्याच दिवशी विहिरीवर म्हणाली, "अगो, कळशी कित्याक धरून रावल्या? बांय कोणाच्या बापायची न्हय." आणि मग आठवून, "म्हणजे माझ्या मामाची आसा. पण तो मेला." त्या दिवशी डब्याच्या आकड्यापासून सगुणच्या माडापर्यंत कपड्यांची दोरी लागली. पाच महिने ती सुटली नाही. सरस्वतीच्या जन्मात इतकी टिकलेली दुसरी दोरी नव्हती.

दिवाळीनंतर निरोप आला: गुरुवारी तलाठी जागेवर चौकशीला येणार. चौकशी एकदाच होते, मग यादी बंद.

"तो पळयता कितें, बघता तरी काय?" सरस्वतीने विचारलं. पाच महिन्यांत तिची भाषाही थोडी या बाजूला सरकली होती.

भाग्यलक्ष्मीला सरकारी कामाचा अनुभव होता. तिच्या दिराच्या घरपट्टीची भानगड सात वर्षं चालली होती. "घर पळयना तो. घर कोणूय उभें करता. तो दोरी पळयता. दोरयेर घोवाचे, बायलेचे, भुरग्या-पोरांचे कपडे दिसले म्हणजे संसार आसा. आमच्या दिराक तलाठ्यान तेंच विचारलें, 'हांगा बायल मनशाचो कपडो दिसना, म्हणजे तुमी हांगा रावनात.' दीर म्हणता, 'हांव विधुर.' तरी बरयलें, वास्तव्य संशयास्पद."

ही गोष्ट खरी की भाग्यलक्ष्मीची, हे आमोण्यात कोणी विचारायचं नसतं. सरस्वतीने ती गाठ मारून ठेवली. बुधवारी तिने गाठोडं सोडलं आणि डब्यातलं जेवढं कापड होतं तेवढं काढलं. मधुकरची दोन पँटी, तीन सदरे. स्वतःची चार लुगडी, त्यातलं एक लग्नातलं. गोधडी. आणि प्राजक्ताचे दोन फ्रॉक, जे तिला तीन वर्षांपूर्वीच आखूड झाले होते. गुरुवारी उजाडताच सगळं धुऊन तिने दोरीवर घातलं. फ्रॉक मधोमध, तलाठ्याला पहिल्या नजरेत दिसतील असे.

साडेआठला मुकादम शंभू मोटारसायकलवरून आला. साखळी गावात मंत्र्यांचा कार्यक्रम ठरला होता, रस्त्याला खड्डे होते, रोलर आजच्या आज पोचायला हवा.

"आज नाय, शंभूदादा," मधुकर म्हणाला. "आज आमच्याकडे तलाठी येतलो."

"तलाठी तुज्याकडे येता, मंत्री माज्याकडे. तूच सांग रे कोण मोठो."

"दुपारपर्यंत थांबा."

"खड्डे थांबतले. मंत्री नाय थांबूचो."

मधुकर रोजंदारीवरून नुकता कायम होऊ घातला होता. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, इंजिनाकडे पाहिलं. हा माणूस वाईट नव्हता. चौदा वर्षं त्याने कुठलीच गोष्ट बायकोला विचारल्याशिवाय केली नव्हती, फक्त जी करायचीच आहे तिच्याबद्दल तो आधी तोंड वळवायचा आणि मग विचारायचा.

"काय करूया गे?"

"तुमी जावा," सरस्वती म्हणाली. "मी कपड्यांकडे रवतंय."

"कपडे काढ ना. वाटेत सुकतले, टपावर."

"दोरी काढली तर तो काय बघतलो?"

डबा न्यायचा नाही असं मधुकरला म्हणता येत नव्हतं. डबा सरकारचा, आणि साखळीत तो झोपणार त्यातच. त्याने आकड्याची दोरी सोडून तिच्या हातात दिली. रोलर धडधडत निघाला, त्याच्या मागून घर निघालं, आणि घराची चूल, ट्रंक, देवाची तसबीर खिडकीतून हलताना दिसली. राहिली ती दोरी. एक टोक माडाला, दुसरं सरस्वतीच्या हातात.

जवळ दुसरं झाड नव्हतं. भाग्यलक्ष्मीने शेतातला बांबू आणून दिला, पण जमीन कडक, बांबू रुतेना. शेवटी सरस्वतीने दोरीचं टोक बांबूच्या शेंड्याला बांधलं आणि बांबू छातीशी धरून उभी राहिली. ओल्या गोधडीने दोरी खाली ओढली जायची, मग ती दोन पावलं मागे सरायची. ट्रक जायला लागले. दहाच्या सुमाराला लग्नातलं लुगडं तांबूस दिसायला लागलं. धुवायला सोडावं तर दोरी पडत होती.

"मी धरतां गो मातशें," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"नको. दोरी माजी हा. तुज्या हातात बघून तुझोच संसार लिहीत तो."

अकराला तलाठी आला. स्कूटरवर, डोक्याला रुमाल, वहाणेवर धूळ, आणि वाटेतल्या कशावर तरी वैतागलेला. त्याने कागद काढला, माड पाहिला, कपडे पाहिले, बांबू पाहिला आणि मग बांबू धरणारी पाहिली.

"सरस्वती धुरी?"

"मीच."

"घर कुठे?"

"आत्ताच गेला."

तलाठ्याने लिहायला घेतलेलं पेन थांबवलं. "गेलं म्हणजे? पडलं?"

"नाय सायबा. साखळीक गेला. मंत्र्यांसाठी."

"बाई, मी घराची चौकशी करायला आलोय. घर मंत्र्यांना भेटायला गेलं असं मी लिहू?"

"घर नाय, तर कपडे बघा," सरस्वती म्हणाली. आपला आवाज चढतो आहे हे तिला कळत होतं, आणि बांबू धरलेला असल्याने हात जोडता येत नव्हते. "हो माझ्या घोवाचो सदरो. ही माझी लुगडी. हे चेडवाचे फ्रॉक."

तलाठी वाकून फ्रॉक पाहू लागला. माणूस कामात चोख होता. "मुलीचं वय?"

"नव."

"हे चार-पाच वर्षांच्या मुलीचे आहेत."

"ती येतली तेव्हा नवे घेऊचे आसत."

"येणार कुठून?"

"सातार्ड्यासून."

"म्हणजे मुलगी इथे राहत नाही."

भाग्यलक्ष्मी मध्ये पडली. "साहेब, पाच म्हयने हिचे कपडे हांगाच सुकतात. सगळ्या वाड्यान पळयल्यात. गवाय, साक्षीदार म्हणून म्हजें नांव घाला."

"कपडे पाच महिने इथे सुकतात हे मी लिहून घेतो," तलाठी म्हणाला, आणि त्याने खरंच लिहून घेतलं. "पण अर्ज कपड्यांनी केलेला नाही. माणूस रात्री निजतो कुठे, चूल कुठे पेटते, ते दाखवा."

सरस्वतीने पायाकडे पाहिलं. तिथे डब्याच्या चाकांनी पाच महिन्यांत पाडलेले चार खळगे होते, आणि मधोमध गवत न उगवलेला दहा बाय सहाचा पांढुरका तुकडा. तो दाखवावा असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, हा साहेब म्हणेल की इथलं घर हलवलं ह्याचा हा पुरावा झाला. ती बांबू धरून उभी राहिली. चौदा वर्षं विहिरींवर जशी उभी राहायची तशीच, कोणी तरी बोलेपर्यंत. यावेळी कोणी बोललं नाही.

तलाठ्याने कपडे मोजले. गोधडी धरून बारा. भाग्यलक्ष्मीचा अंगठा घेतला, खरं म्हणजे तिला सही येत होती, पण तिने आग्रह केला नाही. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि जाताना जरा मऊ आवाजात म्हणाला, "दोरी सोडा आता, बाई. हात दुखतील."

ती दोरी सोडेना. तो दिसेनासा झाल्यावर भाग्यलक्ष्मीने तिच्या मुठीतून बांबू सोडवला. बोटं मिटलेलीच राहिली, एकेक उघडावी लागली. सगळे कपडे एका बाजूने तांबडे झाले होते. त्या दोघींनी ते पुन्हा विहिरीवर नेले नाहीत. तसेच घडी केले. सरस्वतीने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि साखळीच्या रस्त्याला लागली. भाग्यलक्ष्मी वाड्याच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर गेली. दिराची गोष्ट तिने त्यानंतर कुणाला सांगितली नाही.

पुढच्या वर्षी डबा हळर्ण्याला होता, मग पेडण्यात, मग कुठेतरी. प्राजक्ता सातार्ड्यालाच शिकली. दहावीला तिचा दाखला काढताना आईचा पत्ता म्हणून मामाचा घातला, आणि सरस्वतीने त्याला हरकत घेतली नाही. लेकीच्या तोंडचं 'तुमी' मात्र तिने कधी अंगवळणी पडू दिलं नाही. दर वेळी ऐकलं की हातातलं काम थांबायचं.

जागेच्या अर्जाचा निकाल जानेवारीतच आला होता. टपाल आमोण्याला सगुणकडे आलं, सगुणने ते एका ट्रक ड्रायव्हरबरोबर पाठवलं, आणि ते मधुकरने डब्याच्या पायरीवर बसून वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं: प्रत्यक्ष जागेवर चौकशी केली असता अर्जदाराचे राहते घर आढळून आले नाही. सदर घर हे वाहन असल्याचे सांगण्यात आले. तथापि आमोणे व लगतच्या रस्त्यांवर कसोशीने शोध घेऊनही अशा वर्णनाचे कोणतेही वाहन निदर्शनास आले नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

त्या गुरुवारी न्हावेलीच्या अरुंद रस्त्यावर तलाठ्याने येताना समोरून आणि जाताना मागून, दोन्ही वेळा, हॉर्न वाजवून रोलरकडे बाजू मागितली होती, आणि मधुकरने डब्यासकट गटाराकडे सरून दोन्ही वेळा दिली होती.