भीमाचा मान आणि सतरा तास

मोखाड्याच्या हेमंतला गावात कोणी विचारलं, "घरी बसून काय करतोस रं?" तर तो म्हणे, "दुभाष्या बनवतोय." विचारणारा मान हलवून निघून जाई. त्याला तरी काय बोलायचं!

हेमंत जव्हारला सरकारी कचेरीत क्लार्क. सुट्टीच्या दिवशी मात्र तो एका बुडालेल्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत ठेवायला बसे. जगभरातले आणखी आठ जण हेच करत. एकानेही दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि पैसा कोणालाच मिळत नव्हता. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा त्यांचा कंपायलर जुना झाला होता, नवे प्रोग्राम त्याला पचेनात. नवा कंपायलर या सिस्टिमवर बसवण्याचं हेमंतने कबूल केलं होतं. मार्चअखेर तो झाला नाही तर सगळं बंद करायचं, असं आठ जणांनी ठरवलं होतं.

अडचण विजेची. नवा कंपायलर स्वतःलाच तीनदा घडवतो. दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले, तरच काम खरं. हेमंतच्या जुन्या यंत्रावर त्याला सतरा तास लागणार होते, आणि २००६ साली वीज सलग सहा तासही टिकत नव्हती. वीज गेली की फाइली बिघडत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन महिने हेच चाललं होतं.

वायरमन कमलेश म्हणाला, "बोहाड्याला दोन दिवस लाईन काटत नाय आपण. तवा काय तां करून घे."

पण बोहाड्यात, देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायच्या गावच्या उत्सवात, भीमाच्या सोंगाचा मान हेमंतच्या घराचा. बाप होता तोवर त्याने भीम नाचवला. तो गेल्यावरचा हा पहिलाच बोहाडा. यंत्र मध्येच अडलं तर दुरुस्त करायला माणूस लागतोच, आणि दुसरा माणूस आणायचा कुठून? हेमंतने मुखवटा चुलतभावाकडे, मंगेशकडे दिला. आईने, हिराबाईने, तो स्वतःच कापडात बांधून दिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारी यंत्र सुरू झालं. दोनदा अडलं, दोनदा त्याने सोडवलं. बाहेर संबळ वाजत होता. सकाळी पडद्यावर ओळ आली: दोन्ही जुळले. हेमंत उठून उभा राहिला. सांगायला घरात कोणी नव्हतं.

मग बोहाड्याहून आई आली.

"आई, माझं काम झालं!"

"तुझ्या त्या आठ जणांला कळलं?"

"सोमवारी जव्हारच्या इंटरनेट कॅफेतून कळवीन."

तिने पाय धुतले, उंबऱ्यापाशी टेकली.

"भीम आला ना, तवा मला वाटलं, तूच आलास. मन बदललं आसल तुझं. लय झ्याक नाचत होता. म्या पुढं होऊन बोलले, शाबास रं हेमंता."

हेमंत तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मुखवटा उतरवला, तवा मंगेश निघाला. बिचारा पाया पडला माझ्या."